धाकट्या जावेची मुले

गरिबाचे मूल अंगाने लहान असते, पण लहान म्हणजे आजारी नव्हे, हा युक्तिवाद १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे बराच गाजला. डेव्हिड सेक्लर या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने त्याला ‘लहान पण निरोगी’ असे सुटसुटीत नाव दिले. शास्त्रीय बळ मिळाले ते मात्र पुण्यातून. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम करून पुण्यात स्थिरावलेले पां. वा. सुखात्मे सांगत होते, की शरीर मिळेल त्या अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेते. ठरावीक उष्मांकांपेक्षा कमी जेवणारा प्रत्येक जण उपाशी धरला, की भुकेचा आकडा फुगतो. हा रोख अर्थातच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांच्या मोजणीवर होता. त्यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची रेषा आखताना रोजच्या २,२५० उष्मांकांचा आधार घेतला होता. पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांना हे सगळेच अमान्य होते. लहान चण जर इतकी निरुपद्रवी असेल, तर ती फक्त गरिबांच्याच वाट्याला का यावी, असा त्यांच्या प्रतिवादाचा सूर होता.

या वादाचा निकाल मोजपट्टीने लावला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा ठिकाणची मुले मोजली: ब्राझीलमधील पेलोतास, घानातील आक्रा, नॉर्वेतील ओस्लो, ओमानमधील मस्कत, अमेरिकेतील डेव्हिस आणि आपली दक्षिण दिल्ली. अट अशी, की घरची परिस्थिती वाढीच्या आड येणारी नसावी, आईने अंगावर पाजलेले असावे आणि ती धूम्रपान करणारी नसावी. दिल्लीतली मुले सुखवस्तू, उच्चशिक्षित घरांतली होती. पहिल्या पाच वर्षांत ती आणि ओस्लोची मुले जवळपास सारखीच वाढली. आज अंगणवाडीच्या भिंतीवर जो वाढीचा तक्ता लावलेला असतो, तो २००६ साली याच मोजमापांतून तयार झाला. २०१३ मध्ये अरविंद पानगढिया यांनी भारतीय मुलांना हा मापदंड लावणे चुकीचे आहे, असे म्हणत जुना वाद पुन्हा उकरून काढला. मला तो युक्तिवाद पटत नाही, कारण एका पिढीत परिस्थिती बदलली की उंचीही बदलते, हे परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांच्या घरांत कोणालाही दिसते.

परिस्थितीचा मुलांच्या वाढीशी संबंध आहे हे एकदा मान्य केले, की तो कसा आहे हा प्रश्न उरतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. कुटुंबांचे सांपत्तिक स्थितीप्रमाणे पाच भाग केले, तर सर्वांत तळच्या भागात हे प्रमाण ४६ टक्के आहे आणि सर्वांत वरच्या भागात २३. मधले तीन भाग या दोन टोकांच्या मध्ये ओळीने उतरत जातात. कुठेही अशी जागा नाही की जिच्या खाली मुले आजारी आणि वर ठणठणीत. दारिद्र्यरेषेच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना हा उतार दिसतच नाही. रेषेच्या किंचित वर असलेल्या घरातले मूल, पिवळे रेशनकार्ड नसलेले, त्यांच्या लेखी प्रश्नाच्या बाहेर गेलेले असते.

२३ या आकड्यापाशी जरा थांबायला हवे. सुदृढ लोकसंख्येत साधारण दोन-अडीच टक्के मुले या व्याख्येने खुजी भरतात. म्हणजे आपल्या वरच्या पाचव्या हिश्शातही हे प्रमाण दहापट आहे. त्याचे एक साधे स्पष्टीकरण असे, की हा हिस्सा श्रीमंत नाहीच. या पाहणीत उत्पन्न विचारले जात नाही. पक्के घर, दुचाकी, फ्रिज, दूरचित्रवाणी, संडास अशा गोष्टींवरून दर्जा ठरतो. आपल्या देशात एवढ्या वस्तू घरात असल्या की माणूस वरच्या पाचव्या भागात जातो. पण हे अर्धेच उत्तर झाले. घरात पैसा आला आणि मूल तरी वाढले नाही, असे का होते, हे उरलेल्या अर्ध्यात दडले आहे.

या विषयाचा अभ्यास ब्रिटनमध्ये जुना आणि चिकाटीचा. जॉन बॉइड ऑर यांनी १९३६ मध्ये ब्रिटिश जनतेचे उत्पन्नानुसार सहा गट पाडले आणि दाखवले की पिष्टमय आणि गोड पदार्थ सगळेच पोटभर खातात; दूध, फळे, अंडी, भाजी मात्र उत्पन्नाबरोबर पायरीपायरीने वाढतात. त्याच वर्षी स्टॉकटन-ऑन-टीज या गावचे आरोग्य अधिकारी मॅकगॉनिगल यांचे पुस्तक आले. त्यांच्या गावात गलिच्छ वस्तीतली काही कुटुंबे नव्या, हवेशीर वसाहतीत हलवली गेली. तिथे मृत्यूचे प्रमाण घटण्याऐवजी वाढले. कारण शोधता शोधता ते भाड्याच्या पावतीपाशी येऊन थांबले. नव्या घराचे भाडे जास्त, आणि ते भरायला पैसा एकाच ठिकाणाहून निघत होता, तो म्हणजे जेवणातून. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती पाहताना मला हे पुस्तक आठवते. तिथे देखभाल खर्च, पाण्याचे बिल, कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर हे सगळे त्याच डब्यातून जाते. वर इमारती एकमेकींना इतक्या खेटून, की गोवंडी-मानखुर्द भागातल्या पाहणीत ऊन-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त आढळला. कागदावर त्या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती मात्र सुधारलेली दिसते, कारण घर पक्के झाले.

१९८० साली डग्लस ब्लॅक यांच्या समितीने ब्रिटनमधल्या आरोग्य-विषमतेवर अहवाल दिला. मोफत सरकारी वैद्यकीय सेवा सुरू होऊन तीस वर्षे झाल्यावरही अकुशल कामगारांची बाळे व्यावसायिकांच्या बाळांपेक्षा जास्त दगावत होती. थॅचर सरकारने ऑगस्टमधल्या सुट्टीच्या तोंडावर त्याच्या अवघ्या २६० प्रती काढल्या. अर्थात, दडपलेला अहवाल जास्त वाचला जातो, हा अनुभव तिथेही आला.

मात्र पैसा आणि प्रतिष्ठा यांची फारकत करून दाखवणारा सर्वांत बोलका अभ्यास आपल्या देशातला आहे. डायन कॉफी, डीन स्पियर्स आणि रितिका खेरा यांनी ग्रामीण भारतातली अशी एकत्र कुटुंबे घेतली, जिथे दोन भाऊ, दोन जावा आणि त्यांची मुले एकाच चुलीवर जेवतात. घर तेच, शेत तेच, विहीर आणि संडास तोच, जात तीच, उत्पन्नही तेच. तरीही धाकट्या जावेची मुले थोरल्या जावेच्या मुलांपेक्षा सरासरीने उंचीला कमी भरली. फरक एवढाच, की घरात धाकटीचा शब्द कमी चालतो. ती शेवटी जेवते, तिला जास्त काम पडते आणि दवाखान्यात जायचे तर विचारून जावे लागते. उत्पन्नाच्या कोणत्याही रकान्यात हा फरक सापडणार नाही. आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात अशी एक धाकटी जाऊ असते, आणि तिच्या मुलाच्या उंचीचे खापर बहुतेक वेळा तिच्या माहेरच्या अंगकाठीवर फुटते.

आईच्या मानाचा परिणाम मुलाच्या हाडापर्यंत कसा पोचतो? सर्वांत सरळ वाट तिच्या शरीरातूनच जाते. कॉफी यांनी २०१५ मध्ये केलेल्या हिशेबाप्रमाणे गर्भारपण सुरू होताना ४२ टक्के भारतीय स्त्रिया कमी वजनाच्या असतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या, आपल्याहून गरीब आफ्रिकेत हे प्रमाण साडेसोळा टक्के आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेला, केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा अभ्यास याच धाग्यावर आहे. त्या गावांतल्या आया सरासरी ४२ किलोच्या, पाच फुटांच्या. बाळे सरासरी २.७ किलोची, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. पण ही आपली किडकिडीत बाळे अंगातली चरबी मात्र राखून होती. कमी भरले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. अशी बाळे पुढे खाती-पिती झाली की मधुमेहाकडे झुकतात, हे याज्ञिकांच्या कामाचे सार. म्हणजे आईच्या गरिबीचे बिल मुलाला चाळिशीत, बऱ्यापैकी पगार सुरू झाल्यावर येते.

त्याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या बायका हिरवा पाला, फळे आणि दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळे भरीव होती. एकूण उष्मांकांशी तसा ठळक संबंध नव्हता. आणि ज्यांच्यावर शेतातले, पाणी भरण्याचे कष्ट जास्त, त्यांची बाळे लहान. पालक-मेथी काही सोन्याच्या भावाने मिळत नाही. ती ताटात येते की नाही, आणि सातव्या महिन्यात हंडा कोणी उचलायचा, हे पैशापेक्षा घरातल्या अधिकारावर ठरते. याज्ञिकांचे सहकारी हाच धागा मुंबईत घेऊन गेले. तिथल्या झोपडवस्त्यांत हजारो स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला गेला. २०१४ मध्ये निकाल आला तेव्हा सरसकट बाळांच्या वजनात ठाम फरक नव्हता. मात्र ज्यांनी दिवस राहण्यापूर्वी किमान तीन महिने तो खाल्ला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. ४८ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण इथे वेळ महत्त्वाची. जी अगदीच हाडकुळी होती तिला याचा फायदा कमी झाला, हे मात्र मनाला लागते. एका खाऊने वीस वर्षांची उणीव भरत नाही.

मान आणि हक्क यांची उतरंड घरात जशी आईला लागू होते, तशी मुलांनाही. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखवले, की भारतातली पहिली मुले आफ्रिकेतल्या पहिल्या मुलांच्या मानाने खुजी नाहीत. घसरण दुसऱ्यापासून सुरू होते आणि तिसऱ्याला आणखी वाढते. मुलग्याची वाट पाहणाऱ्या घरांत मुलींची जास्त. जातीच्या बाबतीतही तेच. २०१९-२१ च्या पाहणीत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांत खुजेपणा चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे, आणि या गटांत किंवा इतर मागासवर्गात न मोडणाऱ्या घरांत तीस. यातला काही भाग गरिबीचा आहे, सगळा नाही. अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन यांना असे आढळले, की जिथे अस्पृश्यता पाळण्याचे प्रमाण जास्त, तिथे ही दरी अधिक रुंद आहे. घरी येणारी अंगणवाडी सेविका उंबऱ्याबाहेर किती वेळ थांबते, पोषण आहार कोणत्या वस्तीत वेळेवर पोचतो, यांतून ती दरी रुंदावते, हे गावात राहिलेल्याला सांगावे लागत नाही.

मनाच्या वाढीकडे वळले की चित्र थोडे धूसर होते, आणि गाजावाजाही जास्त होतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या एका गावात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर न करता बसवले, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. नाव, वडिलांचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली, की दलित मुले मागे पडली. कोडी तीच होती. आता याच्या शेजारी हार्ट आणि रिस्ली यांचा १९९५ चा अमेरिकी अभ्यास ठेवा. गरीब घरातले मूल चार वर्षांचे होईपर्यंत तीन कोटी शब्द कमी ऐकते, हे त्यातले वाक्य जगभर फिरले. तो अभ्यास अवघ्या ४२ कुटुंबांचा होता. पुढे इतरांना तसा फरक सापडला नाही; आजी, मावशी, मोठी भावंडे बोलतात ते मोजलेच नव्हते. ज्यांच्या वाड्यात दहा माणसे एकदम बोलतात त्यांना तर हे आधीच कळले असते. गरीब आईबापांना बोलण्याचे धडे देणारे कार्यक्रम मात्र त्या एका आकड्यावर उभे राहिले.

जास्त भरवशाचा पुरावा जमैकातून येतो. १९८६-८७ मध्ये किंग्स्टनमधल्या खुज्या, दोन वर्षांखालील १२९ मुलांपैकी काहींना दूध-भुकटी दिली गेली. काहींच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्यसेविका जाऊन आईला घरच्या वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी खेळायला शिकवत असे. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. सॅली ग्रँथॅम-मॅक्ग्रेगर यांचा हा प्रयोग दोन वर्षे चालला. वीस वर्षांनी पाहिले तर खेळवलेल्या मुलांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती, आणि नुसत्या दुधाचा मागमूस उरला नव्हता. ‘म्हणजे अन्न महत्त्वाचे नाही’ असे म्हणायची घाई करू नये. ग्वातेमालाच्या चार खेड्यांत १९६९ ते १९७७ दरम्यान ज्या मुलग्यांना वयाच्या तिसऱ्या वर्षाआधी प्रथिनयुक्त पेज मिळाली, ते मोठेपणी तासाला ४६ टक्के जास्त कमावत होते. तिथे पेज लहानपणीच, खुजेपण येण्याआधी आली. जमैकात दूध उशिरा आले.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर खेळाचे हे महत्त्व ओळखले होते. बालवाडीत मुले येत नाहीत, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली; वारली मुलांसाठी गवताच्या काड्या, बिया, शिंपले ही साधने झाली. नंतर १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली. तिच्यात अंगणवाडी हा शब्द टिकला, पण खेळ मागे पडला आणि वजनकाटा व खिचडी पुढे आली.

मग नुसता पैसा देऊन पाहिला तर? अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनात जेन कॉस्टेलो १९९३ पासून मुलांचे मानसिक आरोग्य पाहत होत्या. १९९६ मध्ये तिथल्या चेरोकी आदिवासींच्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि नफ्याचा वाटा प्रत्येक आदिवासी कुटुंबाला मिळू लागला. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांचे उद्दामपणाचे, वर्तनाचे त्रास कमी होऊन कधीच गरीब नसलेल्यांच्या पातळीला आले. चिंता आणि उदासी मात्र तशीच राहिली. आईबापांना मुलाकडे लक्ष द्यायला उसंत मिळाली, हे त्यामागचे मुख्य कारण दिसले. याउलट, २०१८ पासून चार अमेरिकी शहरांत हजार गरीब मातांपैकी काहींना दरमहा ३३३ डॉलर आणि बाकीच्यांना २० डॉलर देणारा मोठा प्रयोग चालला. पहिल्या वर्षी मुलांच्या मेंदूच्या लहरींत फरक दिसल्याची बातमी जगभर झाली. चौथ्या वर्षी भाषा, वर्तन, आरोग्य कशातच ठळक फरक निघाला नाही. ही बातमी तेवढी फिरली नाही. आपल्याजवळ मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेने काही गावांत सर्वांना विनाअट रोख रक्कम दिली, तेव्हा मुलांचे, विशेषतः मुलींचे वजन सुधारले. पैशाचा उपयोग होतो, पण जिथे अगदीच खडखडाट आहे तिथे जास्त, आणि तो बाईच्या हातात, तिच्या इच्छेने खर्च होणारा असेल तर आणखी. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात लाडक्या बहिणींच्या खात्यात जे १,५०० रुपये जातात, त्यांचा मुलांच्या वजन-उंचीशी संबंध जोडून पाहण्याची संधी राज्याने सुरुवातीलाच आखून ठेवायला हवी होती.

राज्याची स्वतःची कहाणी आशेने सुरू होते. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत आणि पाठोपाठ मेळघाटात बालमृत्यूंनी सरकारला हलवले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवून अर्भकमृत्यू किती खाली आणता येतात, हे १९९९ मध्ये जगाला दाखवले. उत्पन्न न वाढताही मरण टाळता येते, याचा तो भक्कम दाखला. २००५ मध्ये कुपोषणाविरुद्धचे राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले. २०१२ च्या राज्यव्यापी पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांतला खुजेपणा सात वर्षांत ३९ टक्क्यांवरून २४ च्या आसपास आलेला दिसला. जग महाराष्ट्राकडे बघायला आले. त्यानंतर गाडी थांबली. पाच वर्षांखालच्या मुलांतले खुजेपणाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ३५.२; उंचीच्या मानाने लुकडेपणा २५.६ टक्क्यांवर जागचा हललाच नाही. या काळात राज्याचे उत्पन्न मात्र वाढतच होते.

थांबण्याची कारणे अनेक सांगता येतील. मला सर्वांत मोठे वाटते ते असे, की आपण मूल जन्मल्यावर धावतो. सॅम आणि मॅम या तीव्र व मध्यम कुपोषणाच्या श्रेणी, ग्राम बाल विकास केंद्रातले तीस दिवस, दर महिन्याचे वजन हे सगळे आवश्यक आहे, पण तोवर मूल घडून गेलेले असते. आदिवासी भागासाठी २०१५ मध्ये सुरू झालेली अमृत आहार योजना आईला रोज एक चौरस ताट देते, तेही गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांपासून. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्यातली, म्हणजे जोडप्यातली, बाई दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर असते. तिचे नाव गावच्या अंगणवाडीत असते आणि मूल कोपीसमोर पाचटावर. स्थलांतरितांची नोंद ठेवण्यासाठी २०२२ मध्ये राज्याने संगणकीय व्यवस्था आणली खरी. पण फडावर नोंद पोचली तरी उचल फेडणाऱ्या बाईला मुलाला पाजायची सुट्टी कोण देणार?

महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के अठराव्या वर्षाआधी लग्न होऊन सासरी आलेल्या आहेत. किशोरी म्हणून शाळेत त्यांना लोहाच्या गोळ्या मिळाल्या असतील. गर्भवती म्हणून नाव नोंदले की पुन्हा गोळ्या, वजन, ताट, खात्यात पैसे सुरू होतील. मधल्या काळात, घरात सर्वांत नवी आणि सर्वांत शेवटी जेवणारी असताना, ती सरकारला एकाच वहीत सापडते. ती वही जोडप्यांची आहे. तिच्यात मुले किती आणि गर्भनिरोधनाचे साधन कोणते, एवढ्याची नोंद होते.